पंडिता रमाबाई : धर्मालाही प्रश्न विचारणारी विदुषी (मराठी जीवनचरित्र निबंध)

बुलढाण्याचं नाव निघालं आणि स्त्रियांच्या प्रश्नावर बोलायचं ठरलं की आपण आधी ताराबाई शिंदे यांचं नाव घेतो. घ्यायलाच हवं. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक लिहिलं आणि पोथ्यांमधले सगळे नियम बायकांनाच का, असं खडसावून विचारलं. पण त्याच १८८२ साली पुण्यात आणखी एका बाईचं पुस्तक छापून आलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का? त्या पुस्तकाचं नाव स्त्रीधर्मनीति आणि लेखिका पंडिता रमाबाई. पुढे १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी सत्सार नावाच्या पुस्तिका काढल्या, त्यांत या दोघींचीही बाजू घेतली. म्हणजे आपल्या बुलढाण्याची ताराबाई आणि रमाबाई अशा एकाच लेखणीखाली शेजारी येऊन बसल्या.

रमाबाईंवर निबंध लिहा म्हटलं की बहुतेक मुलं शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण एवढं लिहून मोकळी होतात. ते बरोबरच आहे, परीक्षेत गुणही मिळतात. पण मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट त्यात नेहमी राहून जाते. रमाबाईंनी हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे सगळ्यांना माहीत असतं. त्या धर्मात गेल्यावर तिथल्या चर्चला, तिथल्या रूढींना आणि धर्मगुरूंना त्यांनी किती प्रश्न विचारले, हे फार थोड्यांना माहीत असतं. आज आपण तेच बघू.

रमाबाईंचा जन्म एप्रिल १८५८ मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात झाला. हा भाग आता कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही, अशी त्या काळची रीत. शास्त्रीबुवांनी मात्र स्वतःच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी त्यांना धर्मपंडितांपुढे उभं केलं, तेव्हा स्त्रियांना विद्या देण्यात शास्त्राचा कसलाही भंग नाही, हे त्यांनी ग्रंथांतूनच दाखवून दिलं. लहानग्या रमेला आईने पहाटे मांडीवर घेऊन श्लोक शिकवले. बारा वर्षांची होईतो भागवताचे अठरा हजार श्लोक तिला पाठ झाले होते, असं सांगतात. तुम्हाला दहा ओळींची कविता पाठ करताना घाम फुटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

घरदार नव्हतंच. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत पुराण सांगायचं आणि जे मिळेल त्यावर जगायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भटकत हजारो मैल चालले. थंडीत पांघरायला काही नसलं की नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात झोपायचं, अंगावर वाळू ओढून घ्यायची. देवाला सगळं वाहून, सगळी व्रतं करूनही घरातली तीन माणसं भुकेने गेली. त्या पोरीच्या मनात पहिला प्रश्न इथेच उगवला.

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमेची परीक्षा घेतली, आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती! स्त्रियांच्या धर्मावर व्याख्यानं देण्याची विनंती तिला झाली, आणि त्यासाठी ती धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडून बसली. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत दिली. वेद वाचायचा स्त्रीला अधिकार नाही हे तिच्या मनावर ठसलेलं होतं, त्यामुळे तिने आधी कचरतच पानं उलटली.

आता तिने काय केलं ते नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तिने एक ग्रंथ वाचून विश्वास ठेवला नाही. धर्मशास्त्रं, पुराणं, महाकाव्यं अशी एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक बाबतीत या ग्रंथांचं एकमेकांशी जमत नाही. फक्त एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे : स्त्रिया आणि शूद्र हलके. ज्याला सगळे पवित्र म्हणतात त्या ग्रंथालाही, तू हे कशावरून सांगतोस, असं विचारायची सवय तिला इथे लागली. ती पुन्हा कधी सुटली नाही.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. वय तेवीस, पदरात तान्ही मुलगी, आणि कपाळी वैधव्य. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी उत्सुकतेने वाचली, एवढंच.

मग त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति लिहिलं. सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हव्यात असं ठणकावून सांगितलं. स्वतःच डॉक्टर व्हायचं मनात होतं. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा इंग्लंडच्या प्रवासाला लावला आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या बोटीत बसल्या. पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच राहिलं.

इंग्लंडात वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींचा एक मठ होता. रमाबाई तिथे राहिल्या. लंडनजवळ फुलम इथे त्या भगिनी समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करत होत्या, ती त्यांनी पाहिली. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नाहीत आणि इथे तिला पोटाशी धरतात, हा फरक त्यांच्या काळजाला भिडला. येशूने विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी केलेलं बोलणं त्यांनी वाचलं. पुण्यात असतानाच नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांचं लेखनही मनात घोळत होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि छोटी मनोरमा या दोघींनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच गहजब झाला. काल ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच आज नावं ठेवू लागले. मठातल्या लोकांना मात्र वाटलं, आता ही आपली झाली, आपण सांगू ते ऐकेल. इथेच त्यांचा अंदाज चुकला.

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या तिथल्या मार्गदर्शक. रमाबाई त्यांना आईच्या जागी मानत. त्या दोघींमध्ये जी पत्रं गेली-आली ती आज छापलेली उपलब्ध आहेत, आणि मोठी झाल्यावर तुम्ही ती जरूर वाचा. त्यांतला वाद अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होतो. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून रमाबाई ते खात नसत. सिस्टरना वाटलं, हा जातीचा अभिमान अजून गेला नाही. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी ख्रिस्ती झाले म्हणून माझी हिंदुस्थानी राहणी टाकायचं काही कारण नाही. पुढचा वाद क्रुसाचा. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कुठे येतं? आपल्या जुन्या संस्कृतात असं काय कमी आहे? शब्द लिहायचेच तर संस्कृतात लिहा. वरवर बघता हे भांडण किरकोळ वाटतं. पण ख्रिस्त येशूचा आणि बाकीचं सगळं युरोपचं, यातलं कुठलं किती घ्यायचं, हा त्यामागचा प्रश्न काही किरकोळ नव्हता.

खरा खटका उडाला तो श्रद्धेच्या मुळाशी. इंग्लंडच्या चर्चमध्ये अथनेशियस या संताच्या नावाने चालणारी श्रद्धेची एक कबुली ठराविक दिवशी म्हटली जाई. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, ते तिच्यात बारकाईने मांडलं आहे, आणि जो असं मानणार नाही त्याचा नाश होईल अशी तंबीही दिली आहे. रमाबाईंनी हे म्हणायला साफ नकार दिला. बाप्तिस्म्याच्या वेळी मला जे विचारलं त्याला मी हो म्हटलं, पण हे मी कधीच कबूल केलेलं नाही, अशी त्यांची भूमिका होती. एक देव मानण्यासाठी तर मी आधीचं सगळं सोडलं, मग हे तीनाचं कोडं कशावर आधारलेलं आहे ते मला दाखवा. येशूच्या जन्माची अलौकिक कथा, चमत्कार, देहाने पुन्हा उठणं, या सगळ्यांबद्दलही त्यांनी शंका मांडल्या. चर्च म्हणतं म्हणून मान, हे उत्तर त्यांना चालत नव्हतं.

गंमत बघा, ही कबुली अथनेशियस यांनी लिहिलेलीच नाही. ते ३७३ साली वारले, कबुली त्यांच्यानंतर लॅटिनमध्ये तयार झाली, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. दुसरी एक गोष्ट सांगतो. रमाबाई इंग्लंडला पोहोचण्याच्या दोनच वर्षं आधी, १८८१ मध्ये, इंग्रजी नव्या कराराची सुधारलेली आवृत्ती निघाली होती. बायबल काही वरून छापून पडलेलं नाही. जुना करार मुख्यतः हिब्रूत आणि नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, आणि छपाई येईपर्यंत शेकडो वर्षं त्याच्या हाताने नकला होत राहिल्या. आपल्या गावात एखाद्या पोथीची नक्कल करताना एखादी ओळ गळते, एखादी समासातली टीप आत शिरते, तसं तिथेही झालं. विद्वानांनी जुन्यात जुनी हस्तलिखितं ताडून पाहिली, तेव्हा योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वचन जुन्या ग्रीक प्रतींत नाहीच असं निघालं. स्वर्गातले तिघे एक आहेत, असं सांगणारं ते वचन १८८१ च्या आवृत्तीतून वगळलं गेलं. म्हणजे रमाबाई ज्या तत्त्वाबद्दल विचारत होत्या, त्याच्याच आधारातलं एक वचन खुद्द इंग्लंडच्या पंडितांनी तेव्हा काढून टाकलं होतं. ख्रिस्ती लोक त्रिएकत्व मानतात ते या एका वचनावर नव्हे, बाकीही वचनं ते दाखवतात, हेही सांगायला हवं. पण प्रश्न विचारणारी बाई अडाणी किंवा उद्धट होती असं कुणाला म्हणता यायचं नाही.

चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात डोरोथिया बील या मुख्याध्यापिका होत्या. रमाबाई तिथे शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या. बीलबाई शंका ऐकून घेत, चिडत नसत, म्हणून रमाबाई त्यांच्यापाशी मोकळं बोलत. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली खरी शिक्षिका हीच. पुढे रमाबाईंनी इंग्रज मुलग्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची किंमत जाईल, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून रमाबाई संतापल्या. मी माझ्या देशात भर सभेत पंडितांपुढे बोलत आले, आणि आता हे मला माझ्याच देशाची रीत शिकवणार? ज्या बंधनातून सुटून आले तेच बंधन इथे दुसऱ्या कपड्यांत उभं आहे, हे त्यांनी ओळखलं. छोट्या मनोरमेला मठात काय शिकवायचं यावरूनही ताणाताणी झाली. आपल्याला न पटलेलं तत्त्व लेकराच्या गळी उतरवू नये, असा आईचा आग्रह होता.

यात त्यांचं काय पणाला लागलं होतं, याचा विचार करा. परका देश, ऐकू कमी येतं, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केलेली. राहायची सोय मठाची आणि खर्चही त्यांच्याच ओळखीतून चाललेला. मायदेशी परतावं तर तिथे दारं बंद. अशा वेळी शहाणं माणूस गप्प बसतं, हो ला हो करतं. रमाबाईंना ते जमलं नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाला ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात हजर राहिल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी संस्था उभी राहिली. अमेरिकेत त्यांना ख्रिस्ती धर्माचे ढीगभर पंथ दिसले. प्रत्येकाचं म्हणणं, बायबलचा खरा अर्थ आमच्याकडे. आपल्याकडचे ग्रंथ एकमेकांशी जमत नाहीत म्हणून निघालेल्या बाईपुढे आता एकाच ग्रंथाचे इतके अर्थ येऊन उभे राहिले. त्यांनी कुठल्याच एका पंथाच्या दावणीला स्वतःला बांधून घेतलं नाही. अमेरिकेवर मराठीत लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी या पंथांची माहितीही दिली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हललं. इथे कुणाला धर्म शिकवायचा नाही असा नियम होता. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. केसरीतून टीकेची झोड उठली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. इथे रमाबाईंची बाजू घेऊनही एक सांगावंसं वाटतं : लेकरांना काय शिकवलं जातं याची काळजी वाँटेजमध्ये रमाबाईंना होती, तशीच ती पुण्याच्या पालकांना असणार, हे त्यांनी आणखी ओळखायला हवं होतं. दारही उघडं आणि नियमही पाळला, असं सांगून ती काळजी मिटणारी नव्हती.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या श्रद्धेला वेगळं वळण लागलं. आपण धर्म स्वीकारला खरा, पण येशू आपल्याला भेटला नव्हता, असं त्यांना जाणवलं. तिथून पुढे त्या दृढ श्रद्धावान झाल्या. पूर्वीच्या कितीतरी शंका मागे पडल्या. म्हणजे प्रश्न विचारणारी व्यक्ती शेवटी धर्म सोडूनच देते असं काही नाही. मात्र कुण्या बिशपाचं किंवा मठाचं प्रमाण त्यांनी यानंतरही मानलं नाही. केडगावला, पुणे-दौंड रेल्वेलगत, त्यांनी मुक्ती सदन उभारलं ते कुठल्याही एका पंथाचं नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, १९०० मध्ये गुजरातमधून. हाच दुष्काळ आपल्या वऱ्हाडानेही भोगला. त्यांची स्वतःची माणसं भुकेने गेली होती, म्हणून अस्थिपंजर झालेल्या पोरी बघून त्यांना घरात बसवेना. तेव्हा मुक्तीत दोन हजारांच्या जवळपास माणसं राहत होती. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, छापखाना, सगळं बायकाच चालवत.

आणि मग आलं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. मराठी बायबल आधीपासून होतं. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता. पण त्यानंतर चालत आलेल्या भाषांतराची भाषा रमाबाईंना खटके. एक तर ती संस्कृतने जड झालेली, केडगावच्या शेतकरी बायांना न कळणारी. दुसरं म्हणजे त्यांतले संस्कृत शब्द आपल्या जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ पाठीवर घेऊन येत, त्यामुळे मूळ म्हणणं बाजूला पडे. हे ओळखायला संस्कृत मुळापासून येणारंच माणूस हवं होतं! इंग्रजीवरून नवं भाषांतर करणं सोपं होतं. पण मूळ काय आहे हे दुसऱ्याच्या तोंडून का ऐकायचं? चाळिशी उलटलेल्या, कानांनी ऐकू न येणाऱ्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मुक्तीचा एवढा मोठा संसार सांभाळत पंधरा वर्षांहून जास्त काळ त्या शब्दाला शब्द लावत राहिल्या.

बायबलच्या वाटेने आलेले आणि तरी कुणाच्या हाताखाली न राहिलेले मराठी लोक आणखीही होते. कवी नारायण वामन टिळकांना नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. ती गाडी आपल्याच मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते. याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार स्थापन केला. पण त्यांच्यावर वेगळा निबंध लिहावा लागेल.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तीच पुढे मुक्तीचा कारभार सांभाळणार होती. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनी भाषांतराची मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं होतं, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुलींमध्ये दुष्काळातून आणलेल्या, केडगावला आल्यावरच अक्षर ओळखायला शिकलेल्या मुली होत्या.